लॅबमधला तक्ता वाचलात का?

'विजेचा धक्का बसल्यास' हा तक्ता मी डिप्लोमाला असताना पाठ केला होता. माणसाला पालथं झोपवा, पाठीवर दाब द्या. तोंडी परीक्षेत मार्कही मिळाले!

पुढे एका शिबिरात डमीवर तेच करायला गेलो. डॉक्टर हसून म्हणाले, "सर, हे १९०३ चं आहे." ती शेफर यांची पद्धत. छाती दाबण्याची पद्धत १९६० मध्ये जगापुढे आली. ती मांडणाऱ्यांतले कौवेनहोवन इलेक्ट्रिकल इंजिनिअर, म्हणजे आपल्याच ब्रँचचे! त्यातही बदल झाले. २००५ मध्ये १५ दाब-२ श्वासाऐवजी ३०-२ आलं. २०१० पासून आधी दाब, मग श्वास.

हॉस्टेलात हीटर रॉडचा शॉक बसला तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला उताणं झोपवून छातीच्या मधोमध ५ ते ६ सें.मी. खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावं. श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहा.

धाराशिव जिल्ह्यात रात्री-अपरात्री लाइट आली की मोटार चालू करायला जाणारा माणूस घरोघरी आहे. माझा भाऊही जातो. रानात अँब्युलन्स पोचेपर्यंत शेजाऱ्याचेच हात उपयोगी पडतात. पण सराव नसला तर काही महिन्यांत हात विसरतात. म्हणून दरवर्षी डमीवर सराव करा, आणि सुट्टीत गावाकडच्यांनाही शिकवा.