इवल्या सैनिकांचे रंग

[मेजावर लुटुपुटूची लढाई खेळण्यासाठी लहान लहान शिपाई रंगवणे हा जगातील अनेकांचा आवडता छंद आहे. हे शिपाई कसे रंगवतात आणि या कामात खरेपणाला किती महत्त्व असते, ते या पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बुद्धिबळाचा पट पाहिला असेल. उर्दूत या खेळाला शतरंज म्हणतात. 'चतुरंग' हा संस्कृत शब्द फारसीत गेला आणि तेथून शतरंज होऊन उर्दूत आला. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे म्हणजे चतुरंग. पटावर लढाई खेळण्याची कल्पना आपल्या देशात अशी फार जुनी आहे. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले अंगणात मातीचा किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे मांडतात, तेही तुम्ही पाहिले असेल.

युरोपात या हौसेला निराळे वळण लागले. १८९३ साली इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात शिशाचे पोकळ शिपाई तयार होऊ लागले. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि बाहेरचा थर घट्ट होताच आतला पातळ धातू परत काढून घ्यायचा, अशी ही युक्ती होती. त्यामुळे धातू कमी लागे आणि शिपाई हलके व स्वस्त होत. १९१३ साली एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने अशा शिपायांच्या खेळाचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. पुढे मोठी माणसेही हा खेळ आवडीने खेळू लागली.

आता एक शिपाई हातात घेतला आहे, अशी कल्पना करा. त्याची उंची साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. साच्यातून निघताना त्याच्या अंगावर बारीक रेघा राहिलेल्या असतात. त्या कानशीने हळूच घासून काढा. मग साबणाच्या पाण्याने त्याला धुऊन वाळवा, नाहीतर रंग नीट धरत नाही. बाटलीच्या झाकणावर त्याला तात्पुरते चिकटवा, म्हणजे रंगवताना बोटे लागणार नाहीत. शिपाई शिशाचा असेल तर काम झाल्यावर हात स्वच्छ धुवा आणि कुंचला कधीही तोंडात धरू नका.

प्रथम सर्व अंगाला अस्तराचा एक पातळ हात द्या. नंतर आतून बाहेर या क्रमाने रंग लावा : आधी चेहरा व हात, मग कोट, मग पट्टे आणि शेवटी बंदूक. रंग पाण्याने पातळ करून घ्या. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले. जाड थराखाली गुंड्या आणि बोटे बुजून जातात.

एवढ्याने शिपाई रंगीत होतो, पण जिवंत वाटत नाही. कारण एवढ्याशा वस्तूवर कपड्याच्या चुण्यांची सावली स्पष्ट दिसत नाही. म्हणून सावलीही रंगवावी लागते. गडद रंग खूप पातळ करून सगळीकडे लावला, की तो चुण्यांत उतरतो आणि तेथे सावली तयार होते. मग जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगात बुडवून, पुसून, वर आलेल्या भागांवरून अलगद फिरवतात. तेथे उजेड पडल्यासारखा वाटतो. शेवटी व्हार्निशचा हात देतात आणि पायाखाली गोंदाने वाळू चिकटवून जमीन करतात. एका पलटणीत वीस-तीस शिपाई असतात. एकेक शिपाई पुरा करण्याऐवजी सर्वांचे चेहरे, मग सर्वांचे कोट असे काम केले, तर ते लवकर होते आणि सगळे एकसारखे दिसतात.

पण कोणता रंग लावायचा, हे कसे ठरवायचे? इथे इतिहास वाचावा लागतो. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला. त्या काळातील इंग्रज शिपायांचे कोट लाल होते, पण सगळ्यांचा लाल रंग एक नव्हता. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवलेला असे, तर अधिकाऱ्याचा किरमिजी किड्यांपासून केलेल्या महाग आणि झळझळीत रंगाचा असे. म्हणून रंगवणाऱ्याला दोन तऱ्हेचे लाल रंग घ्यावे लागतात. फ्रेंचांच्या निळ्या कोटाची गोष्ट तर आपल्या देशापर्यंत येते. निळीचा माल हिंदुस्थानातून आणि इतर उष्ण देशांतून जहाजांनी येई आणि समुद्रावर इंग्रजांचा जोर होता. फ्रान्समध्ये नीळ मिळेना, म्हणून १८०६ साली नेपोलियनने काही पलटणींना पांढरे कोट दिले. पुढच्याच वर्षी हा प्रयोग थांबला. एका कोटाच्या रंगामागे केवढा व्यापार आणि केवढी भांडणे असतात पाहा!

खरेपणासाठी झगडलेल्या एका माणसाची हकीकत ऐका. विल्यम सायबर्न हा इंग्रज सैन्यातील अधिकारी होता. वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचे काम त्याच्याकडे आले. १८३० साली तो त्या रणांगणावर जाऊन कित्येक महिने राहिला आणि त्याने जमिनीची मोजणी केली. लढाईत असलेल्या शेकडो अधिकाऱ्यांना त्याने पत्रे लिहिली : 'संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे होती? समोर काय दिसत होते?' सरकारने मध्येच पैसे देणे थांबवले, तरी त्याने काम सोडले नाही. १८३८ साली लंडनमध्ये ती प्रतिकृती लोकांनी पाहिली. तीत ७० हजारांहून अधिक इवले शिपाई होते.

परंतु एक अडचण होती. इंग्रजांच्या मदतीला आलेले प्रशियाचे सैन्य सायबर्नने मोठ्या संख्येने दाखवले होते. इंग्रजांचे सेनापती वेलिंग्टन यांना ते पसंत नव्हते. विजयाचा मोठा वाटा दुसऱ्याकडे जातो, असे त्यातून दिसत होते. अखेर सायबर्नने प्रशियाचे बरेच शिपाई काढून टाकले. ती प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयात आहे. मेजावरचे मूठभर शिपाई उचलले, की पाहणाऱ्यांच्या मनातला इतिहास बदलतो. म्हणूनच या छंदात हाताच्या कौशल्याइतकाच मनाचा प्रामाणिकपणा लागतो.

वेल्स यांनी आपल्या पुस्तकाच्या शेवटी खऱ्या युद्धाविरुद्ध लिहिले आहे. खेळातली लढाई संपली, की सगळे शिपाई पुन्हा पेटीत जातात. खऱ्या लढाईत पडलेला माणूस उठत नाही. पुस्तक निघाल्यावर एकाच वर्षाने, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले. मित्रांनो, तुम्ही कधी असा शिपाई रंगवलात, तर शत्रूच्या शिपायाचा चेहराही तितक्याच काळजीने रंगवा. त्यालाही घर होते.

शब्दार्थ
लुटुपुटूची – खोटी खोटी, खेळातली
कानस – धातू घासण्याचे हत्यार
कुंचला – रंग देण्याचा ब्रश
अस्तर – रंगाखालचा पहिला थर
चुणी – कापडाची घडी, सुरकुती
मंजिष्ठ – जिच्या मुळांपासून लाल रंग मिळतो ती वनस्पती
प्रतिकृती – हुबेहूब नमुना

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शतरंज हा शब्द कोणत्या संस्कृत शब्दापासून आला?
(आ) शिपाई रंगवण्यापूर्वी का धुतात?
(इ) सायबर्न रणांगणावर कशासाठी राहिला?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) इंग्रज पलटण रंगवताना दोन लाल रंग लागतात.
(आ) वेलिंग्टन यांना सायबर्नची प्रतिकृती पसंत नव्हती.

प्र. ३. 'शिपाई कसा रंगवावा' हे सात-आठ वाक्यांत क्रमाने लिहा.

प्र. ४. रंग, शिपाई, बंदूक, हकीकत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : मातीचा एक शिपाई तयार करा. त्याच्या पोशाखाची माहिती पुस्तकातून मिळवून त्याला रंगवा.