सोबत्याचा साज केवढ्याला पडतो?

‘जेनशिन इम्पॅक्ट’ या रोल-प्लेइंग खेळाच्या दुकानात एखाद्या फोर-स्टार कॅरेक्टरचा, म्हणजे आपल्या सोबत्याचा, पोशाख उघडला की खाली आकडा दिसतो १,६८०. हे रुपये नाहीत, डॉलरही नाहीत. हे जेनेसिस क्रिस्टल, म्हणजे खऱ्या पैशांनी विकत घ्यायचं खेळातलं नाणं. ते सुटं मिळत नाही, ठरलेल्या पॅकमध्येच मिळतं. ६० क्रिस्टल ०.९९ डॉलरला, ३०० (वर ३० फुकट) ४.९९ ला, ९८० (वर ११०) १४.९९ ला आणि १,९८० (वर २६०) २९.९९ ला. १,६८० चा पॅक मात्र कुठेच नाही. ९८० चा एक आणि ३०० चे दोन घेतले तर हातात १,७५० येतात आणि २४.९७ डॉलर जातात. पोशाख घेऊन उरलेले ७० खात्यात पडून राहतात, आणि तेवढ्यात दुकानातली कोणतीच मोठी वस्तू येत नाही.

डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला तर हा पोशाख साधारण सव्वादोन हजारांना पडला. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. धान पिकवणाऱ्या ब्रह्मपुरी-आरमोरीकडच्या घरात हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्यात थोडी बचत होऊ शकते. पोशाख नवा आला की सुरुवातीच्या दिवसांत तो १,६८० ऐवजी १,३५० ला असतो. फाइव्ह-स्टारचे खास पोशाख २,४८० चे, सुरुवातीला १,९८०. शिवाय प्रत्येक पॅकच्या पहिल्या खरेदीवर क्रिस्टल दुप्पट मिळतात. पहिल्यांदाच पैसे टाकणार असाल तर ९८० चा एकच पॅक १,९६० देतो आणि तोच पोशाख १४.९९ डॉलरमध्ये बसतो. म्हणून ही दुप्पट ६० च्या छोट्या पॅकवर उधळल्याचं दुःख करू नका, ती प्रत्येक पॅकची वेगळी असते. पण मोठ्या पॅकची दुप्पट मनात काही ठरलेलं नसताना वापरू नका.

पैसे टाकण्याआधी एक गोष्ट नीट पाहायची: आपण दिसण्याचे पैसे देतोय, ताकदीचे देतोय की नशिबाचे? खेळांची दुकानं हे तिन्ही एकाच चकचकीत पडद्यावर मांडतात, आणि घोळ तिथेच होतो. वरचा पोशाख हा निव्वळ दिसण्याचा खर्च. तो चढवल्याने सोबत्याचा वार एका अंकानेही वाढत नाही. किंमत ठरलेली, वस्तू ठरलेली. आवडलं आणि परवडलं तर घ्या, माझी हरकत नाही.

काही खेळांनी सोबत्याच्या बाबतीत हा फरक साफच करून टाकला आहे. ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’मध्ये आधी सोबत्यालाही चांगलं चिलखत आणि शस्त्र शोधून द्यावं लागे. ऑक्टोबर २०१५ च्या मोठ्या बदलानंतर सोबत्याचं चिलखत फक्त दिसण्यापुरतं उरलं. त्याची ताकद आता तुमच्यातल्या नात्यावर, म्हणजे इन्फ्लुअन्सच्या पातळीवर ठरते. ती पातळी त्याच्याशी बोलून, त्याला भेटवस्तू देऊन वाढते. तिथे कार्टेल मार्केटमधून, म्हणजे त्या खेळाच्या दुकानातून, सोबत्यासाठी महागडा सूट घेणाऱ्याने तो फक्त डोळ्यांसाठी घेतोय हे ओळखून घ्यावा. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये उलट. जून २०२१ मध्ये बास्टियन आणि मिरी हे पहिले दोन सोबती आले तेव्हापासून त्यांची शस्त्रं-चिलखतं वेगळी असतात, ती खरोखर उपयोगी पडतात आणि मुख्यतः शत्रू मारून मिळतात. त्यांचे कपडे मात्र तुमच्याच संग्रहातल्या पोशाखांतून बदलता येतात. म्हणजे एकदा घेतलेला पोशाख तुम्हालाही चालतो आणि सोबत्यालाही. हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आता नशीब. खरा पैसा जातो तो इथे. जेनशिनमध्ये हवा तो सोबती थेट विकत मिळत नाही, ‘पुल’ करावे लागतात, म्हणजे सोडत काढावी लागते. एका पुलला १६० प्रिमोजेम (खेळातलं दुसरं नाणं) लागतात आणि एका क्रिस्टलचा एक प्रिमोजेम होतो. फाइव्ह-स्टार निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० पुलांत एक नक्की, पण तो तुम्हाला हवा तोच निघेल याची शक्यता निम्म्याहून थोडीच जास्त. हुकला तर पुढचा हमखास. वाईटात वाईट हिशेब धरा: १८० पुल, २८,८०० प्रिमोजेम. सर्वांत मोठा पॅक ६,४८० क्रिस्टलचा, वर १,६००, किंमत ९९.९९ डॉलर. दुप्पटीची सवलत संपलेली असेल तर अशा साडेतीन पॅकांहून थोडं जास्तच लागतं, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. एका कॅरेक्टरसाठी!

त्याचं खास शस्त्र हवं असेल तर आणखी वेगळं. शस्त्रांच्या बॅनरवर, म्हणजे सोडतीत, शक्यता ०.७ टक्के, ८० पुलांत एक नक्की, आणि पहिलं हुकलं तर दुसरं ठरवलेलं. म्हणजे जास्तीत जास्त १६० पुल. शस्त्रासाठी पैसे टाकू नयेत हे माझं स्पष्ट मत. फोर-स्टार शस्त्रावर खेळाचा बहुतेक भाग निभतो, आणि आर्टिफॅक्ट, म्हणजे ताकद वाढवणारे साज, तर थेट विकत मिळतच नाहीत. ते खेळूनच जमवावे लागतात.

पैसे न देता पुल मिळतात, हेही सांगायला हवं. रोजची कामं, नकाशावरच्या पेट्या, दर आवृत्तीचे कार्यक्रम यांतून प्रिमोजेम येतात. फाइव्ह-स्टार न निघालेल्या पुलांची मोजणी त्याच प्रकारच्या पुढच्या बॅनरवरही चालू राहते. त्यामुळे दोन-तीन आवृत्त्या थांबून एकाच सोबत्यासाठी साठवणारा पोरगा खिशातून काही न घालता तिथवर पोहोचतो. नवी आवृत्ती साधारण सहा आठवड्यांनी येते, तेव्हा हे थांबणं तीन-चार महिन्यांचं.

थोडे पैसे द्यायचेच असतील तर सर्वांत स्वस्त सौदा म्हणजे महिन्याचा पास, वेल्किन मून. ४.९९ डॉलरमध्ये ३०० क्रिस्टल लगेच आणि पुढचे ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम, मिळून ३,०००. त्याच पैशांत साधा पॅक घेतला तर ३३०. नऊपटीचा फरक. पण अट अशी की रोज लॉगिन करायचं. ज्या दिवशी खेळ उघडला नाही त्या दिवसाचे ९० गेले, ते नंतर मिळत नाहीत.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात हीच अट महागात पडते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, वीज जाते, आणि टॉवर बॅटरीवर चालेल तेवढाच चालतो. एटापल्ली, सिरोंचाकडच्या आतल्या गावांतही नेटवर्कचा भरवसा ऋतूवर अवलंबून. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये पास घेणं म्हणजे निम्मे दिवस वाया जाण्याची तयारी ठेवणं. दहा दिवस चुकले तर ९०० प्रिमोजेम गेले. दिवाळीनंतर, नाटकं-मंडईच्या दिवसांत घ्या. तेव्हा लॉगिनपुरतं नेट बऱ्याच ठिकाणी मिळतं, आणि लॉगिनला डेटा फारसा लागत नाही.

डेटा लागतो तो उतरवून घ्यायला. जेनशिन फोनवर वीस-पंचवीस जीबीच्या वर जातं आणि दर आवृत्तीला आणखी काही जीबी मागतं. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांवर गेला आणि रोज दोन जीबीचा ३४९ वर. दीड जीबीच्या पॅकवर नुसता खेळ उतरवायला पंधरा-सतरा दिवसांचा सगळा डेटा लागतो. हा खर्च कोणी खेळाच्या खात्यात धरत नाही, पण तोही धरा. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा इथे फायबर असलेल्या कोणा नातेवाइकाकडे जाऊन उतरवलेलं बरं. सर्व्हर निवडताना ‘एशिया’ घ्या. खेळातली प्रगती आणि खरेदी सर्व्हरपुरतीच राहते. मित्र दुसऱ्या सर्व्हरवर असल्याचं नंतर कळलं तर घेतलेला पोशाख तिकडे नेता येत नाही.

गावागावांत खेळला जाणारा खेळ मात्र जेनशिन नव्हे, ‘फ्री फायर मॅक्स’. तो रोल-प्लेइंग नाही, पण त्यातले पेट म्हणजे सोबतीच. साध्या फोनवर चालतो म्हणून तो इतका पसरला. (मूळ ‘फ्री फायर’वर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, मॅक्स राहिला.) १०० डायमंडला (तिथलं नाणं) साधारण ८० रुपये, आणि बऱ्याच पेटची किंमत पाचशे ते सातशे डायमंडच्या घरात, म्हणजे ४०० ते ५६० रुपये. पेटची एक खुबी असते, ती खेळात थोडी मदत करते, आणि पेटला खाऊ घालून पातळी वाढवली की ती सुधारते. त्याची स्किन वेगळी घ्यायची, आणि स्किनने काहीही सुधारत नाही. एक पेट पुरे. ‘लकी’ नावाच्या कोणत्याही चक्राला हात लावू नका. तिथे पुन्हा नशिबाचेच पैसे.

ज्याच्याकडे बरा कॉम्प्युटर आहे त्याने ‘बाल्डर्स गेट ३’चा विचार करावा. स्टीमवर २,९९९ रुपये, सेलमध्ये कमी. पुढे एक रुपयाही मागत नाही. सोबत्यांची चिलखतं, कपड्यांचे रंग, तंबूत घालायचे वेगळे कपडे, सगळं खेळातल्याच सोन्यावर. चौघं मित्र मिळून ऑनलाइन खेळता येतं. अडचण एकच, १५० जीबी जागा लागते आणि तेवढं उतरवायला फायबरच हवं. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे आपल्या मशीनवर चालतो का हे तपासायला दोन तास हातात आहेत.

पैसे भरताना गुगल प्लेमधून भरलं तर रुपयांत दिसलेल्या किमतीत जीएसटी आलेला असतो. बाहेरच्या वेबसाइटवर डॉलरमध्ये कार्डाने भरलं तर बँक परकीय चलनाचा आकार लावते, बहुतेक बँकांत २ ते ३.५ टक्के, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. घरातल्या मुलाच्या फोनला आपलं यूपीआय जोडून ठेवू नका. गुगल प्लेचं गिफ्ट कोड कार्ड ठरलेल्या रकमेचं घेऊन द्या. तेवढे संपले की संपले. प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख पडताळणी चालू करा. दरमहा आपोआप पैसे जाणारं काही घेतलं असेल तर ते यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीत सापडतं आणि तिथूनच बंद करता येतं.

टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर ‘निम्म्या दरात डायमंड’ विकणारे भेटतात. यातले बरेच चोरलेल्या कार्डांवर माल घेतात. मूळ मालकाने बँकेकडे तक्रार केली की पैसे उलटे जातात आणि कंपनी बंद करते ते खातं तुमचं. जो पासवर्ड मागतो त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी अडवले गेले तरच काही हाती लागतं.

‘फक्त २ तास उरले’ अशी खोटी घाई लावणं, मुकाट्याने टोपलीत वस्तू टाकणं, असे १३ प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवले आहेत. पोशाखाची सवलत खरोखर संपत असेल तर ती घाई खोटी नाही. पण तेच घड्याळ दर आठवड्याला पुन्हा शून्यापासून सुरू होत असेल, तर तक्रारीसाठी पडद्याचा फोटो तारखेसह काढून ठेवा.

चुकून घेतलं गेलं तर गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागा. तुमच्या नकळत कोणा अनोळखी माणसाने तुमच्या खात्यातून खरेदी केली असेल तर १२० दिवसांपर्यंत तक्रार नोंदवता येते. घरातल्या मुलाने केली असेल तर परतावा मागताना तसं स्पष्ट लिहा. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही. मात्र पिन तुम्हीच सांगितला असेल तर बाजू लंगडी पडते. कंपनीने ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, आणि तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने तक्रार करणारा जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे गडचिरोलीच्या माणसाला कंपनीच्या शहरात जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. जाताना गुगलच्या ईमेलमधला ‘जीपीए’ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि खेळातला आपला आयडी, तिन्ही छापून न्या.