उसाच्या पावत्या आणि बिलाचा ताळा संगणकावर कसा घ्यावा?



ऊस तोडून गेला, बिल हाती आले, बिलातील खेपा मोजल्या, पावत्या मोजल्या. दोन्ही सारख्या भरल्या की आपण निर्धास्त होतो. परंतु खेपांची संख्या जुळली म्हणजे हिशोब जुळला असे नव्हे. एक पावती गळून तिच्या जागी दुसरीच आली, तरी संख्या तीच राहते. म्हणून प्रत्येक पावती क्रमांक तपासावा. मोबाइलवरील गुगल शीट्स किंवा संगणकावरील एक्सेलमध्ये हे काम काही मिनिटांत होते.

याद्या कशा भराव्यात?

पहिल्या ओळीत शीर्षके लिहावीत. 'ए' रकान्यात आपल्याजवळील पावतीचा क्रमांक, 'बी'मध्ये वजन भरावे. 'डी'मध्ये बिलासोबतच्या तपशिलातील पावती क्रमांक व 'ई'मध्ये त्याचे वजन भरावे. 'सी', 'एफ' व 'जी' हे रकाने उत्तरांसाठी मोकळे ठेवावेत. सर्व अंक इंग्रजीत भरावेत. क्रमांकाच्या मागे-पुढे मोकळी जागा सोडू नये, नाहीतर एकच क्रमांक वेगळा समजला जाण्याचा संभव असतो.

ताळा कसा घ्यावा?

पुढील सूत्रांतील नावे, अक्षरे व अंक इंग्रजीत टंकावेत.

१) 'सी२' मध्ये: =काउंटइफ(डी$२:डी$२००,ए२)
२) 'एफ२' मध्ये: =काउंटइफ(ए$२:ए$२००,डी२)
३) 'जी२' मध्ये: =बी२-समइफ(डी$२:डी$२००,ए२,ई$२:ई$२००)

ही सूत्रे शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढावीत. डॉलरच्या चिन्हामुळे यादीची हद्द सरकत नाही.

'सी'मध्ये ० आल्यास ती पावती बिलात नाही. १ आल्यास आहे. २ आल्यास ती दोनदा धरली आहे. 'एफ'मध्ये ० आल्यास बिलातील त्या क्रमांकाची पावती आपल्याकडे नाही. ताळा दोन्ही बाजूंनी घ्यावा. एका बाजूने घेतल्यास एकतर गळालेली किंवा जादा नोंद नजरेतून सुटते. 'सी'मध्ये १ असलेल्या ओळीत 'जी'चे उत्तर ० यावयास हवे. न आल्यास वजनात फरक आहे.

उदाहरण

समजा, आपल्या पावत्या अशा आहेत: २१४ (१६.२५० टन), २१९ (१७.१००), २२६ (१५.८४०), २३१ (१६.६००) व २४० (१६.९००). बिलात मात्र २१४ (१६.२५०), २१९ (१७.१००), २३१ (१६.०६०), २३६ (१५.८४०) व २४० (१६.९००) असे आहे. दोन्हीकडे खेपा पाचच!

येथे २२६ गळालेली व २३६ जादा दिसेल. दोन्हींचे वजन एकच असल्याने ही बहुधा क्रमांक लिहिण्यातील चूक आहे. तिच्यात आपले नुकसान नाही, तरी दुरुस्ती करून घ्यावी. खरी चूक २३१ मध्ये आहे. तेथे ०.५४० टन कमी धरले आहे. टनास ३,००० रुपये दर धरल्यास हे १,६२० रुपये होतात.

पुढे काय करावे?

फरक आढळताच वाद घालू नये. फक्त फरकाच्या ओळींची यादी काढावी, पावत्यांच्या छायाप्रती जोडून कारखान्याच्या शेती विभागाकडे लेखी अर्ज द्यावा व पोच घ्यावी. मूळ पावती कोणाकडेही देऊ नये. काट्यावरील छापील पावतीची अक्षरे कालांतराने पुसट होऊ शकतात. म्हणून खेप गेली त्याच दिवशी नोंद करावी व पावतीचे छायाचित्र काढून ठेवावे.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे व विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देणे बंधनकारक आहे. परंतु ज्या खेपेची नोंदच बिलात नाही, तिचे पैसे मागावयाचे तर आधी ती गळाली हे आपल्याला कळले पाहिजे. म्हणून बिल येताच ताळा घ्यावा.