कोकराला मका किती? आधी वैरण किती ते सांगा

बकरी ईद दोन-तीन महिन्यांवर आली की मेंढपाळांचा एकच प्रश्न असतो: ‘डॉक्टर, कोकराला मका किती चारू?’ वजन झपाट्याने वाढावं ही घाई समजते. पण मांस चढवतो तो खुराक, आणि तो पचवणारं पोट घडवते ती वैरण.

जन्मलेल्या कोकराचं कोठीपोट लहान आणि निकामीच असतं. दूध त्याला वगळून थेट चौथ्या कप्प्यात उतरतं. पंधराव्या दिवसापासून कोकरापुढे कोवळा लसूणघास, भुईमुगाचा वाळला पाला आणि चिमूटभर भरडा ठेवा. भरडा आंबून जी आम्लं तयार होतात, त्यांच्यामुळे कोठीपोटाच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे वाढतात. अन्नरस शोषला जातो तो तिथूनच. चाऱ्याने पोट ताणतं, स्नायू बळकट होतात आणि कोकरू रवंथ करायला लागतं. रवंथ करताना लाळ भरपूर सुटते. लाळेतला सोडा पोटातलं आम्ल मारतो. आठ-नऊ आठवड्यांत हे पोट बऱ्यापैकी कामाला लागतं.

आता समजा, चारा तोडून नुसता मका ओतला. रवंथ थांबते, लाळ घटते, आम्ल साचत जातं. सामू साडेपाचच्या खाली गेला की अस्तर भाजून निघतं. अशातून वाचलेल्या कोकराने पुढे कितीही खाल्लं तरी ते अंगी लागत नाही. लग्नातला उरलेला भात आणि पोळ्या वाड्यावर आणून टाकणाऱ्यांनी तर हे नीट वाचावं. एका रात्रीत कोकरं गेलेली मी पाहिली आहेत.

सकाळी लेंड्या बघा. सुट्या, घट्ट लेंड्या म्हणजे पोट ठीक. पातळ, पिवळट, आंबूस वासाची हगवण, दात खाणं, डावी कूस फुगणं, झोकांड्या जाणं, यातलं काहीही दिसलं तर दाणा बंद, फक्त वाळली वैरण, आणि लगेच पशुवैद्य. आडव्या पडलेल्या कोकराला तेल पाजू नका; ते फुप्फुसात उतरतं.

हिशेब असा ठेवा. पंधरा किलोच्या कोकराला दिवसाला सहाशे ग्रॅम कोरडा आहार लागतो. त्यात खुराक 200 ते 250 ग्रॅम, दोन वेळांत विभागून. बाकी चारा: सव्वा किलो लसूणघास आणि शंभर-दीडशे ग्रॅम तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा. शंभर किलो खुराकात मक्याचा भरडा 50, शेंगपेंड 25, गव्हाचा कोंडा 22, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. बुरशी लागलेली पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नका. नव्या खुराकाची सुरुवात पन्नास ग्रॅमने, पूर्ण मात्रा दोन आठवड्यांनी. आधी चारा, मग खुराक, हा क्रम मोडू नका.

दख्खनी कोकराने रोज शंभर ग्रॅम वजन धरलं तरी मला ते पुरेसं वाटतं. दोनशेचा हट्ट धरणारे बहुधा औषधांच्या बिलात ते परत करतात. नर कोकरांना कोंडा आणि धान्य फार झालं, चुना कमी पडला, तर लघवीत खडे होतात. म्हणून खनिज मिश्रण वगळू नका आणि स्वच्छ पाणी कायम समोर ठेवा. हे मिश्रणही मेंढ्यांसाठीचंच घ्या. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबं जास्त असतं आणि ते मेंढीला विषासारखं बाधतं.

भरपूर खुराक खाणाऱ्या धष्टपुष्ट कोकरांनाच आंत्रविषार आधी गाठतो. तीन महिने पूर्ण झालेल्या कोकरांना पावसाळ्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्याची लस टोचून घ्या, आणि पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा चुकवू नका.