चुंबक खिशात घेऊनच जा

भिवापुरात कुणी ना कुणी मला विचारतंच, "भाऊ, जुनी गाडी घ्यायची तर अ‍ॅम्बेसेडर बरी की पद्मिनी?" मीही तोच प्रश्न डोक्यात घेऊन जुनी गाडी बघायला गेलो होतो आणि तिथेच फसलो.

दोघींची कुळं पाठ होती. अ‍ॅम्बेसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, इंजिन १४८९ सीसी, उत्तरपाड्याची. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी, १०८९ सीसी, वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. एकीत मागे तिघं ऐसपैस बसतात, डिकीत मिरचीचं पोतं मावतं; दुसरी हलकी, गल्लीत चटकन वळणारी, पेट्रोलला बरी. समोरची अ‍ॅम्बेसेडर रंग उडालेली, दारं करकरणारी. पद्मिनी चकचकीत. पद्मिनी घेतली.

मे महिन्यात उमरेड रोडवर ती बंद पडली. उन्हानं पंपातच पेट्रोलची वाफ झालेली. दुपट्टा भिजवून पंपावर गुंडाळला, थोड्या वेळानं चालू झाली. त्याचं दुःख नाही. आपल्याकडच्या उन्हात अ‍ॅम्बेसेडरही हेच करते.

खरा घाव पावसाळ्यात बसला. पायाखाली ओल लागली म्हणून मॅट उचलली. मिस्त्रीनं पेचकस टेकवला तर तो सरळ आरपार गेला. वर काळा डांबरी लेप, खाली बोटभर लांबी, आणि पत्रा असा नाहीच. गंजाचा भुगा हातात आला. या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच सांगाडा. पत्राकामाला गाडीच्या किमतीहून जास्त पैसे गेले.

म्हणून सांगतो, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक न्या. दाराखालच्या पट्टीवर, चाकाच्या कमानीवर फिरवा. जिथं धरत नाही तिथं लांबी आहे. मॅट स्वतः उचला. इंजिन थंड असताना, तुमच्यासमोर चालू करायला लावा. आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून बघा. कितीतरी अ‍ॅम्बेसेडरमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलंय. त्याची नोंद नसेल तर पासिंग अडतं. गाडी पन्नास वर्षांवरची असेल तर २०२१ च्या नियमानं 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, पण तशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. बाजारहाटाला न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ती करकरणारी अ‍ॅम्बेसेडर पवनीच्या एका शेतकऱ्यानं घेतली. दिवाळीत तो ती घेऊन मिरचीच्या सातऱ्यावर आला होता. मी वाकून तिच्या दाराखाली चुंबक लावलं. टक्कन चिकटलं.