विजेचे गणित

विजेच्या प्रत्येक वस्तूवर बारीक अक्षरांत काही आकडे छापलेले असतात. ते आकडे वाचता आले तर वायर का तापते, बिल का वाढते, हे आपले आपल्यालाच कळते. गुरुजींनी शिकवले ते मी येथे लिहीत आहे.

आधी आपल्या मुळशी धरणाचे पाहू. धरणाचे पाणी सह्याद्रीच्या उंचावरून खाली कोकणात भिऱ्याला सोडतात. तेथे १९२७ सालापासून वीज तयार होते. पाणी जितके उंचावरून येईल आणि जितके जास्त येईल, तितकी शक्ती जास्त. विजेचेही तसेच आहे. उंचीसारखा जो दाब असतो तो व्होल्टमध्ये मोजतात. वाहत्या पाण्यासारखा जो प्रवाह असतो तो अँपिअरमध्ये मोजतात. अरुंद पाइपातून पाणी कमी येते, तशी तारही प्रवाहाला अडवते. त्या अडवण्याला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतले शिक्षक होते. त्यांनी हा नियम १८२७ साली छापला.

लक्षात ठेवा :
शक्ती (वॅट) = व्होल्ट × अँपिअर
रोध (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर

उदाहरण : घरात वीज २३० व्होल्टची येते. पाणी तापवायच्या रॉडवर १५०० वॅट लिहिले आहे.
प्रवाह = १५०० ÷ २३० = सुमारे ६.५ अँपिअर
रोध = २३० ÷ ६.५ = सुमारे ३५ ओहम

आता बोर्डाकडे बघा. लहान पिनेचे सॉकेट ६ अँपिअरचे असते. रॉड मागतो साडेसहा! म्हणून पीन तापते, काळी पडते, कधी जळका वास येतो. रॉड नेहमी मोठ्या पिनेच्या १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा.

कधी कधी व्होल्टेज उतरते. समजा ते २०० झाले. रॉड तोच, म्हणून रोधही ३५ ओहमच.
प्रवाह = २०० ÷ ३५ = सुमारे ५.७ अँपिअर
शक्ती = २०० × ५.७ = ११४० वॅट
शक्ती कमी झाली, म्हणून पाणी तापायला उशीर लागतो. रॉड बिघडलेला नसतो.

बिलाचे गणित : १००० वॅटची वस्तू १ तास चालली की १ युनिट होते. हा रॉड रोज अर्धा तास लावला तर पाऊण युनिट, ३० दिवसांचे साडेबावीस युनिट! जुना ६० वॅटचा बल्ब १०० तासांत ६ युनिट खातो. ९ वॅटचा एलईडी बल्ब १ युनिटसुद्धा खात नाही.

सावधान! ओल्या अंगाचा रोध कमी असतो, म्हणून शॉक जोरात बसतो. रॉड चालू असताना बादलीत हात घालू नका. आधी बटण बंद करा, पीन काढा, मगच पाणी बघा. आपण फक्त आकडे वाचायचे, वायरीला हात लावायचा नाही.

मुळशी धरणात आपल्याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट यांच्याबरोबर शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. म्हणून वीज वाया घालवू नये असे मला वाटते.

सोडवा पाहू : इस्त्रीवर १००० वॅट, २३० व्होल्ट लिहिले आहे. ती लहान पिनेच्या सॉकेटला चालेल का? त्याच सॉकेटवर रॉडही जोडला तर?

इयत्ता चौथी