हिरड्यांची सूज : तान्हे मूल व घरचे जनावर

तान्ह्या मुलास बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास खालचे पुढील दोन दात येतात. त्या जागी हिरडी फुगीर व लालसर दिसते. मूल लाळ गाळते व हाती येईल ते चावते. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हळुवार चोळावी, म्हणजे बरे वाटते. मात्र दात येताना जुलाब व्हायचेच, ही गावोगावची समजूत घातक आहे. जुलाब वा कडक ताप दातांमुळे येत नाही. अशा मुलास अंगावरचे दूध चालू ठेवावे, जलसंजीवनी पाजावी व आरोग्य केंद्रात न्यावे. डोळे खोल गेले असल्यास क्षणाचाही विलंब नको. धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांस हे अवश्य सांगावे.

गाईच्या वरच्या जबड्यास पुढे दात नसतात, टणक गादी असते. ती सूज नव्हे. कुत्र्याच्या पिलाचे दुधाचे दात चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. तेव्हा हिरडी सुजते, किंचित रक्तही येते. परंतु लाळ गाळणारे, गिळता न येणारे वा एकाएकी बिथरलेले पिलू पिसाळलेले असू शकते. त्याच्या तोंडात मुलांना बोट घालू देऊ नये. दात लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस टोचून घ्यावी.